लुटुपुटूची मालगाडी

मॉडेल रेल्वे म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येते ती गोल गोल फिरणारी खेळण्यातली गाडी. दहा फेऱ्या झाल्या की मुलं कंटाळतात, मोठी माणसं तर त्याआधीच! अमेरिकेतल्या छांदिष्ट मंडळींनाही हाच प्रश्न पडला होता. एवढं खपून रूळ मांडले, आता पुढे काय?

१९४४ साली फ्रँक एलिसन यांनी 'मॉडेल रेलरोडर' मासिकात एक लेखमाला लिहिली. त्यांनी उपमा दिली नाटकाची. रूळ आणि देखावा हा रंगमंच, गाड्या ही पात्रं, आणि त्यांची कामं हे कथानक. पण वाघिणींना काम नेमून द्यायचं कसं? १९६१ साली डग स्मिथ यांनी त्याच मासिकात कार्डांची पद्धत सांगितली. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड आणि माल कुठे पोचवायचा ते सांगणारी चिठ्ठी. झालं, गाडीला कारण मिळालं!

खरी गंमत शंटिंगमध्ये आहे. सायडिंग गाडीच्या पुढच्या दिशेला फुटत असेल, तर मागे जोडलेली वाघीण तिथे सोडता येत नाही. सोडायला जावं तर इंजिनच आत अडकतं. मग इंजिन सोडवायचं, बाजूच्या रुळावरून वळसा घालून वाघिणीच्या मागे आणायचं आणि तिला आत ढकलायचं. खऱ्या यार्डातही हेच चालतं.

कॅलिफोर्नियात माँटेरे इथे जॉन ॲलन नावाचे फोटोग्राफर राहत. त्यांनी घराच्या तळघरात डोंगरदऱ्या, पूल, गावं यांसकट अख्खी रेल्वे उभारली होती. नाव ठेवलं 'गोरी अँड डिफीटेड', म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत! शंटिंगला एमा नावाची डायनासोरीणसुद्धा होती. याच ॲलन यांनी पाच सांध्यांचं, फळीवर मावणारं एक शंटिंगचं कोडं तयार केलं. नाव 'टाइमसेव्हर', पण वेळ खाण्यात पटाईत. कमीत कमी वेळात सगळ्या वाघिणी ठरल्या जागी लावायच्या. १९७२ साली त्याचा आराखडा मासिकात छापून आला.

जानेवारी १९७३ मध्ये ॲलन गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत घराला आग लागली आणि कित्येक वर्षं खपून उभी केलेली ती रेल्वे जळाली. फोटो तेवढे राहिले. ते कोडं मात्र जगभर लोक आजही मांडतात, कारण त्याचा आराखडा ॲलन यांनी आधीच सगळ्यांच्या हाती दिला होता. शिकवण्याच्या धंद्यात जन्म गेल्यामुळे असेल, पण मला ही गोष्ट फार जवळची वाटते. आपण जपून ठेवलेलं जातं. दुसऱ्याला समजावून सांगितलेलं मात्र कुठे ना कुठे चालू राहतं.

असो. नातवंडं घरी असतील तर कागदावर रूळ काढा, काडेपेट्यांच्या वाघिणी करा आणि बसा. गाडी गोल फिरवायची नाही, एवढीच अट!