शेवळाचें नामकरण

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या कीं उरण-पनवेलच्या बाजारांत आदिवासी बाया शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. शेजारीं काकडाच्या आंबट फळांचा वाटा असावयाचाच. त्यावांचून भाजी केल्यास घशाला खाज सुटते. या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांचा हा प्रताप. (उच्चारसाम्यावरून शेवे गांवाशीं शेवळाचा संबंध जोडण्याचा मोह वाचकांनीं आवरावा.)

सुरणाच्या या रानटी भावंडाचें शास्त्रीय नांव अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. कम्युटेटस म्हणजे 'बदललेला'. आणि नांवाचें दैवही तसेंच. व्हिएन्नानजीक शॉनब्रुन्न येथील बादशाही उद्यानांचे प्रमुख हाइनरिख शॉट यांनीं १८५९ मध्यें तें कोनोफॅलस या प्रजातींत घातलें. पुढें १८७९ मध्यें एंग्लर यांनीं तें सुरणाच्या प्रजातींत आणलें.

हा घोळ केवळ पंडितांचा नव्हे. शेवळाला फूल येतें तेव्हां पान नसतें. पान येतें तेव्हां फूल सरलेलें असतें. ज्याला आपण फूल म्हणतों तोही फुलांचा समूहच: महाछदाच्या आंत जाड दांडा, त्यावर खालीं स्त्रीपुष्पें, वर पुंपुष्पें, आणि सर्वांत वर लांब निमुळता शेंडा. स्वयंपाकघरांत जो पिवळसर दाणेदार भाग खाजरा म्हणून टाकून देतात, तींच खरीं फुलें. वनस्पतिशास्त्रज्ञ प्रथम तींच पाहतो. वाळविलेल्या नमुन्यांत हे मांसल अवयव आकसतात व रंग उडतो. शिवाय महाछदाचा रंग, देठावरील ठिपके, शेंड्याची लांबी यांत झाडागणिक फरक पडतो. यांतला कोणता भेद जातीचा आणि कोणता निव्वळ व्यक्तीचा? अलीकडे अनमोड, अणशी व वायनाड यांच्या नांवांनीं तीन उपप्रकार वेगळे केले आहेत. उपप्रकार म्हणून थांबणें आम्हांस शहाणपणाचें वाटतें. अशा चंचल वनस्पतीच्या नव्या जाती करण्याची घाई बरी नव्हे.

उरणकडील शेवळाचा विचार मात्र लौकर झाला पाहिजे. फूल खुडलें कीं बीं धरत नाहीं. तरी कंद जमिनींत राहतो व पुढील वर्षीं पुन्हा उगवतो. परंतु १९८९ मध्यें न्हावा-शेवा बंदर सुरू झालें, आणि नंतरच्या काळांत या भागांतील कित्येक टेकड्या भरावासाठीं फोडल्या गेल्या. टेकडीबरोबर कंदही गेला. उरलेल्या टेकड्यांवर येथील शिक्षकांनीं जून महिन्यांत फुललेल्या कांहीं शेवळांशेजारीं खुणेची खुंटी ठोकावी, फुलाचा रंग जागच्या जागीं टिपून घ्यावा, आणि श्रावणांत त्याच खुंटीपाशीं जाऊन पान पाहावें.