जुना प्रिंटर, नवे विंडोज : ड्रायव्हर चालत नसेल तर काय करावे?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे पनवेलसारख्या तालुक्याच्या गावातले झेरॉक्सवाले, डीटीपीवाले आणि छोटी कार्यालये विंडोज ११ कडे वळत आहेत. कॉम्प्युटर नवा येतो, पण प्रिंटर आणि स्कॅनर जुनेच राहतात. ते ओळखलेच गेले नाहीत तर दिवसाचा धंदा अडतो.

ड्रायव्हर म्हणजे काय?
ऑपरेटिंग सिस्टीम आणि यंत्र यांच्यातला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. यंत्र धडधाकट असूनही दुभाषी नसेल तर काम होत नाही.

अडचण कुठे येते?
विंडोज १० ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन्ही रूपांत मिळत होते. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. ३२-बिट प्रोग्राम त्यावर चालतात, ३२-बिट ड्रायव्हर मात्र चालत नाहीत. शिवाय ६४-बिट विंडोजला सिस्टीमच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते. 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षा सुरू असेल तर काही जुने ड्रायव्हर सही असूनही अडवले जातात.

क्रमाने काय करावे?
१. आधी रिस्टोअर पॉइंट तयार करा.
२. विंडोज अपडेटमधील 'ऑप्शनल अपडेट्स' पाहा. कधी ड्रायव्हर तिथेच असतो.
३. उत्पादकाच्या अधिकृत साइटवर ६४-बिट ड्रायव्हर शोधा. विंडोज १० चा ६४-बिट ड्रायव्हर ११ वर बहुधा चालतो.
४. यंत्राचे नावच दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर आयडी' पाहा. त्यातील व्हीआयडी कंपनी सांगतो, पीआयडी मॉडेल.
५. इन्स्टॉलर 'ही आवृत्ती चालत नाही' म्हणत असेल तर कंपॅटिबिलिटी मोड वापरा. याने फक्त इन्स्टॉलरची अडवणूक टळते; ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट होत नाही.
६. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी विंडोजमधला 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर चालतो. इंग्रजी बिले निघतात, देवनागरी मजकूर मात्र निघत नाही.

तरीही जमले नाही तर?
व्हर्च्युअल मशीनमध्ये जुने विंडोज टाकून यूएसबी यंत्र त्याला जोडता येते. लिनक्सचाही पर्याय आहे : तिथे छपाईसाठी 'कप्स' आणि स्कॅनिंगसाठी 'सेन' या प्रणाली अनेक जुनी यंत्रे ओळखतात. किंवा जुना कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून फक्त त्या यंत्रासाठी ठेवा.

हे टाळा
सहीची अट किंवा मेमरी इंटिग्रिटी कायमची बंद ठेवू नका. 'मोफत ड्रायव्हर अपडेटर' आणि अनोळखी साइटवरच्या फाइल्सपासून लांब राहा. ड्रायव्हरला सिस्टीमच्या गाभ्यापर्यंत वाट मिळते. तो बनावट असेल तर त्याच कॉम्प्युटरवरची ग्राहकांची आधार आणि पॅनची कागदपत्रे धोक्यात येतात.

नवा कॉम्प्युटर घेण्याआधी आपल्या प्रत्येक यंत्राचे मॉडेल लिहून काढा आणि त्याचा ६४-बिट ड्रायव्हर आहे का, ते तपासा. नसेल तर त्या यंत्राचा खर्चही हिशेबात धरा.