मेणवलीची घंटा आणि तारखांचा पुरावा

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधून सुट्टीत गाडीने पुण्याकडे निघालात, तर साताऱ्यानंतर पाचवडला महामार्ग सोडा आणि वाईला जा. वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेकाठी, मेणवली हे छोटे गाव आहे. अनेकांना ते ‘स्वदेस’ (२००४) चित्रपटातल्या घाटामुळे माहीत असते. आपण ते नाना फडणवीसांचे गाव म्हणून पाहू.

सहा चौकांचा वाडा आणि भिंतींवरची चित्रे पाहण्यासारखी आहेत. नानांचा कारभार मात्र पुण्यातून चाले. वाड्यातले कागद ‘मेणवली दप्तर’ या नावाने अभ्यासकांना परिचित आहेत. वाडा पाहून मागच्या बाजूने घाटावर उतरा. मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. म्हणजे ही मुळात चर्चची घंटा.

चिमाजी अप्पांनी वसईहून ती आणली आणि नानांना दिली, असे तुम्हाला ऐकायला मिळेल. आता तारखा लावून पाहा. वसई पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली मे १७३९ मध्ये. चिमाजी अप्पा डिसेंबर १७४० मध्ये वारले. नानांचा जन्म फेब्रुवारी १७४२ चा! तेव्हा ‘नानांना दिली’ हा भाग टिकत नाही. वसईचा भाग मात्र लगेच टाकून देऊ नका. भीमाशंकरला आणि नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातही अशाच पोर्तुगीज घंटा आहेत, आणि त्यांचाही संबंध वसईच्या मोहिमेशीच जोडला जातो. मधल्या काळात मेणवलीची घंटा दुसऱ्या कुणाच्या तरी हातून गेली असली पाहिजे. लोकस्मृतीने ते हात गाळून दोन मोठी नावे थेट जोडली. मौखिक परंपरेत हे नेहमी घडते.

घंटेला फक्त विजयचिन्ह म्हणणेही मला अपुरे वाटते. त्या काळी घंटेचा धातू म्हणजे तोफेचा कच्चा माल. १७९३ मध्ये फ्रान्सच्या क्रांती सरकारने प्रत्येक पॅरिशमध्ये एकच घंटा ठेवून बाकीच्या तोफांसाठी वितळवण्याचा हुकूम काढला. तिथल्या नदीकाठच्या लहान गावांनाही तो लागू होता. इथे शत्रूच्या चर्चची घंटा शंकराच्या देवळाशी आली, आणि तिच्यावरची मेरी कुणी घासून काढली नाही.