जुनी मारुती 800, अल्टो सेल्फ घेत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी हे तीन आकडे तपासा

रात्री घरात कुणाला बरं नसतं, तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं असतं आणि दारातल्या गाडीची चावी फिरवली की नुसतं ‘टिक’. गाडी उठत नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक येतो, ‘बॅटरी गेली’ म्हणतो, नवी बॅटरी बसते. आठ-पंधरा दिवस गाडी नीट चालते आणि पुन्हा तेच. खेड्यापाड्यात जुन्या लहान गाड्या वापरणाऱ्यांपैकी अनेकांनी हा अनुभव घेतलेला असतो.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये बाजारात आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. अल्टो 2000 साली आली. यातल्या कित्येक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आजही रोज धावतात. इंजिन खणखणीत असते, पण वायरिंगचे वय झालेले असते. तांब्याची तार सहसा मरत नाही. मरतात ते जोड, टर्मिनल, अर्थिंगचे बोल्ट आणि मधेच कापून टेप गुंडाळलेल्या जागा. त्यामुळे दोष बॅटरीचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे मोजल्याशिवाय पैसे घालू नयेत.

करंट कुठून कुठे जातो?

बॅटरी 12 व्होल्टची. या गाड्यांत साधारण 35 अँपिअर-अवरची बसते. तिचे मुख्य काम सेल्फ फिरवणे. त्या दोन-तीन सेकंदांत सेल्फ शंभर अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त करंट ओढतो. इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर, म्हणजे आपल्याकडे ज्याला डायनॅमो म्हणतात तो, लाईट, हॉर्न, पंखा सगळे सांभाळतो आणि बॅटरीही भरतो.

प्लस बाजूने गेलेला करंट परत येतो तो गाडीच्या पत्र्यातून आणि इंजिनातून. हा परतीचा रस्ता म्हणजेच अर्थिंग. जुन्या गाडीत हाच रस्ता आधी गंजतो आणि तपासायचाही हाच राहून जातो.

तीन आकडे

साधा डिजिटल मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो डीसी 20 व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळे मायनसवर.

1. गाडी रात्रभर बंद असताना: 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली. 12.2 म्हणजे साधारण अर्धी. 12 च्या खाली म्हणजे उतरलेली.

2. सेल्फ मारताना: दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. आकडा 10 च्या आसपास किंवा वर राहिला तर बॅटरी ठीक. आधी 12.6 होती आणि सेल्फ मारताच 8-9 वर कोसळली, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जाम होऊन जादा करंट ओढतोय.

3. इंजिन चालू असताना: 13.8 ते 14.5 हवे. 13 च्या खाली राहिले तर चार्जिंग होत नाही. 15 च्या पुढे गेले तर रेग्युलेटर खराब. मग बॅटरीचे पाणी उकळते, बल्ब सारखे उडतात.

तिसरा आकडा न पाहता नवी बॅटरी घेतली की फसगत होते. नवी बॅटरी भरलेली येते. डायनॅमो बंद असला तरी ती काही दिवस गाडी ओढते आणि मग मान टाकते. डायनॅमोचा पट्टा ढिला असणे, कार्बन ब्रश झिजणे किंवा आतले डायोड जाणे ही नेहमीची कारणे. पट्टा ताणणे किंवा ब्रश बदलणे हे नव्या बॅटरीपेक्षा पुष्कळ स्वस्तातले काम आहे.

चावी ‘ऑन’ केल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चालू गाडीत तो पेटला तर चार्जिंग थांबले असे समजा. चावी ऑन करूनही लागतच नसेल तर तो बल्ब किंवा त्याची तार आधी बघा. नाहीतर चार्जिंग थांबल्याचे कळणारच नाही.

आकडे बरोबर, तरी नुसतं ‘टिक’

अशा वेळी आधी बॅटरीचे टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, ब्रशने घासा, कोरडे करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना मायनस आधी काढायचा, बसवताना मायनस शेवटी. उलटे केले आणि पाना पत्र्याला लागला तर मोठी ठिणगी उडते.

मग इंजिनाची अर्थिंग. जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारा. गाडी झटक्यात उठली तर दोष अर्थिंगचा. बोल्ट खोलून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा आणि परत आवळा. केबलच आतून कुजली असेल तर ती बदला.

अर्थिंग गेल्याच्या आणखी काही खुणा अशा:

- ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतो.
- हेडलाईट लावली की टेंपरेचरचा काटा हलतो.
- सेल्फ मारताना क्लच किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम होते. करंटला परतीचा रस्ता न मिळाल्याने तो या केबलमधून जातो. ही खूण दिसली तर थांबू नका, केबल जळू शकते.

उभ्या गाडीत बॅटरी उतरते

आतला छोटा दिवा साधारण 5 वॅटचा. तो चुकून चालू राहिला तर दिवसाला 10 अँपिअर-अवर खातो. 35 च्या बॅटरीला दोन दिवसांत सेल्फ फिरवणे जड जाते. हेडलाईट चालू राहिल्या तर दोन-तीन तासांतच खेळ खलास.

काहीच चालू नसताना उतरत असेल तर मीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावा. मायनस टर्मिनल काढा आणि केबल व बॅटरी यांच्या मधे मीटर जोडा. चावी बंद, दारे बंद. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. 0.05 अँपिअरपेक्षा जास्त दिसले तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या लाईनीत चोर आहे. पुष्कळदा तो बाहेरून बसवलेला टेप, सेंट्रल लॉक किंवा चिकटलेला रिले निघतो.

फ्यूजच्या जागी तार नको

फ्यूजवर अँपिअर लिहिलेले असतात आणि रंगही ठरलेला असतो: लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. फ्यूज उडाला म्हणजे त्या लाईनीत कुठेतरी शॉर्ट आहे किंवा भार वाढलाय. त्याजागी तांब्याची तार, सिगारेटची चांदी किंवा मोठा फ्यूज घातला तर गाडी चालते, पण मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर वितळते. शेजारी पेट्रोलची लाईन किंवा सीएनजी किट असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

तीच गोष्ट जादा वॅटच्या बल्बची. कंपनीचा बल्ब 60/55 वॅटचा. 100 वॅटचे दोन लावले की 10 अँपिअरचा भार 16 च्या पुढे जातो. जुना स्विच आणि सॉकेट तेवढे सोसत नाहीत, वितळतात. उजेड कमी वाटत असेल तर आधी हेडलाईटची अर्थिंग साफ करा आणि पिवळी पडलेली काच बदला. बाहेरचा हॉर्न किंवा लाईट लावायचीच असेल तर वेगळा रिले आणि बॅटरीजवळ वेगळा फ्यूज घ्या. दुसऱ्या वायरीला चीर देऊन जोड मारू नका.

ऊन, पाऊस आणि उंदीर

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बॅटरीचे पाणी लवकर आटते. झाकणांची बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, म्हणून जवळ काडी-बिडी नको.

गाडी कडब्याच्या गंजीजवळ किंवा धान्याच्या खोलीला लागून उभी असेल तर उंदीर वायरी कुरतडतात. बऱ्याच दिवसांनी गाडी काढताना आधी बॉनेट उघडून बघा. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर सॉकेट खोलून वाळवा.

जंपर लावताना

ट्रॅक्टर सहसा 12 व्होल्टचा असतो, मोठा ट्रक 24 चा. ट्रकवरून जंपर घेऊ नका. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून लांब.

कार्ब्युरेटरची जुनी 800 ढकलून सुरू होते. इंजेक्शनच्या गाडीला पेट्रोल पंप आणि कॉम्प्युटरसाठी थोडी तरी बॅटरी लागते, पार उतरली असेल तर ढकलून दम निघतो, गाडी उठत नाही. आणि चालू इंजिनात टर्मिनल काढून ‘डायनॅमो चेक’ करायची जुनी पद्धत या गाड्यांवर कुणालाही करू देऊ नका. व्होल्टेज एकदम चढून कॉम्प्युटर जळू शकतो. वेल्डिंग करण्याआधीही बॅटरी सोडवून ठेवा.

पासिंगच्या आधी

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि पुढे 5-5 वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. तपासणीत हेडलाईट, ब्रेकलाईट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर चालू लागतात. संध्याकाळी गाडी भिंतीजवळ मागे घेऊन ब्रेक दाबा, भिंतीवरच्या उजेडावरून एकट्यालाही कळते. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर चालत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो.

गाडीत 10 नंबरचा पाना, जंपर केबल, चार-पाच फ्यूज, टॉर्च आणि मीटर ठेवा. मेकॅनिककडे जाताना तीन आकडे कागदावर लिहून न्या. ‘बंद असताना 12.5, सेल्फला 10.4, चालू असताना 12.3’ एवढे सांगितले की बॅटरी नव्हे, डायनॅमो खोलायचा हे त्यालाही लगेच कळेल.