पानिपत, पानशेत आणि पिठलं-भाकरी

मराठी माणसाच्या घराण्यात तीन गोष्टी असाव्याच लागतात. कोर्टात अडकलेली वडिलोपार्जित जमीन, संन्यास घेऊन निघून गेलेला एखादा काका आणि पानिपतावर पडलेला एक पूर्वज. आमच्या घराण्याला जमीन नाही. काका आहेत, पण ते दोन वेळा घरीच जेवतात. आणि पानिपताच्या बाबतीत आमची पाटी साफ कोरी. बँकेत माझ्या आजूबाजूच्या टेबलांवर मात्र पानिपतवीरांच्या वंशजांची गर्दी आहे. प्रत्येकाचा पूर्वज भाऊसाहेबांच्या डाव्या हाताला लढत होता. या सर्व पूर्वजांची मी एकदा बेरीज केली, तेव्हा भाऊसाहेबांच्या उजव्या हाताला कुणीच नव्हतं असा निष्कर्ष निघाला. इतिहासकार पराभवाची कारणं उगाच भलतीकडे शोधत बसतात!

पानिपताच्या इतिहासात माझ्या मनात घर करून बसलंय ते एक पत्र. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी, बुधवारी. नानासाहेब पेशवे मदतीला म्हणून उत्तरेकडे निघाले होते. वाटेत त्यांच्या हाती बातमी पडली ती सावकारी पत्रातून, आणि सावकारी भाषेत. दोन मोती गेले, काही मोहरा गेल्या आणि खुर्दा किती गेला त्याला गणतीच नाही, अशा अर्थाचा तो मजकूर. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. आणि खुर्दा म्हणजे तुम्हीआम्ही.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. खुर्द्याचा हिशेब लागल्याशिवाय आमचा दिवस बंद होत नाही. हल्ली लेजर संगणकाच्या पोटात गेलं असलं तरी रोकड हातानेच मोजावी लागते, आणि कॅशमध्ये पाच रुपये जास्त निघाले तरी कॅशियरचा चेहरा पाच लाख कमी निघाल्यासारखा होतो. तेव्हा 'खुर्दा किती गेला गणती नाही' ही नोंद कुठलाही ऑडिटर पास करणार नाही, असं मला नेहमी वाटत आलंय. पेशव्यांच्या दप्तरात बसली नाही ती गणती ज्याची त्याने घरी ठेवली असणार. कुणाच्या ओटीवर, कुणाच्या माजघरात. आणि माझ्या टेबलाशेजारचे ते सगळे डाव्या हाताचे पूर्वज त्या खात्यातूनच आलेले असणार. त्यामुळे मी त्यांना हसतो, पण पोटातल्या पोटात.

आमच्या घरचं पानिपत म्हणजे पानशेत. नावात यमक आहे, वर्षांत बरोबर दोनशेचं अंतर आहे आणि वारसुद्धा बुधवारच. १२ जुलै १९६१. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि नदीकडे उतरणाऱ्या नारायण पेठेतल्या एका बोळातल्या वाड्यात राहत होते. पूर पावसाळ्यातला असला तरी आमच्या घरी तो येतो मात्र हिवाळ्यात. डिसेंबर लागला, कपाटातल्या स्वेटरांचा डांबरगोळ्यांचा वास घरभर सुटला, की पोरं सिंहगडाची भुणभुण सुरू करतात. सिंहगडाचा रस्ता जातो खडकवासल्याच्या धरणावरून. आणि धरण दिसलं की आण्णा मफलर सोडतात, पुन्हा बांधतात आणि म्हणतात, "त्या दिवशी काय झालं..."

झालं ते असं. पानशेतचं धरण मातीचं, आंबी नदीवरचं. काम पुरतं संपलेलंही नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवलेलं होतं. जुलैत पाऊस असा कोसळला की ओली भिंत खचायला लागली. ११ तारखेच्या रात्री लष्कराचे जवान तिच्यावर वाळूची पोती रचत होते. धरण काही त्यांना वाचवता आलं नाही, पण त्यांनी काही तास वाचवले आणि जो लोंढा पुण्यात मध्यरात्री शिरला असता तो दिवसाउजेडी शिरला. झोपलेल्या शहरात काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. बुधवारी सकाळी पानशेत फुटलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि दुपारी ते एकोणिसाव्या शतकातलं दगडी धरणही फुटलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार, कसबा या पेठांत, तिकडे डेक्कनवर, घरंच्या घरं बसली. आणि शहराला प्यायचं पाणी येत होतं ते खडकवासल्याचंच! त्यामुळे पुराने न्हालेल्या पुण्यात नंतर प्यायला पाणी नाही, असा दैवी विनोद. पुढे चौकशा झाल्या, यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने शहर सावरण्याचं काम स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवलं, अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या. हा झाला मोत्यांचा आणि मोहरांचा इतिहास. तो छापील मिळतो.

आण्णांचा इतिहास वेगळा. त्यात 'पाणी आलं, पळा' अशी आरोळी उठली, तेव्हा माझ्या आजीने जे हाताला लागलं ते उचललं. हाताला लागलं पोळपाट-लाटणं. आजोबांनी छत्री घेतली. माणूस पुरातून पळताना डोकं कोरडं राहावं म्हणून छत्री घेतो, यावरून आमच्या घराण्याची एकंदर दूरदृष्टी ध्यानात यावी. आण्णांनी काही घेतलं नाही, पण एक गोष्ट आठवणीने मागे ठेवली. ते म्हणजे तिसरीचं प्रगतिपुस्तक. त्या महापुराचा एकमेव लाभार्थी कोण असं कुणी विचारलं तर मी आण्णांकडे बोट दाखवीन. गणितात आपल्याला ब्याण्णव गुण होते, असं ते गेली कित्येक वर्षं ठामपणे सांगतात, आणि त्याविरुद्ध पुरावा आता पृथ्वीतलावर नाही.

या कथेतल्या पाण्याला एक खोड आहे. ते अजून चढतंय. मी दुसरीत होतो तेव्हा ते माडीच्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत होतं. माझ्या दहावीच्या वर्षी सातव्या पायरीला लागलं. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगताना आण्णांनी ते बाराव्या पायरीवर नेलं. जिन्याला पायऱ्या अकरा होत्या. मुद्दल एकदाच जमा झालेलं, पण वर्षानुवर्षं चक्रवाढ व्याज लागतंय, अशी ती मुदत ठेव आहे. मी कधी हटकलं नाही. ग्राहकाने आनंदाने सांगितलेली शिल्लक ऐकून घ्यावी, असं आमच्याकडे नव्या कारकुनाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

पण आमची कन्या यंदा सहावीत गेली आहे. शाळेत तिला इतिहासाची साधनं शिकवली आहेत. भौतिक, लिखित, मौखिक. तेव्हापासून घरात कुणालाही काहीही सहज बोलता येत नाही. परवाच्या डिसेंबरात सिंहगडाला निघालो तर हिच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी शंभर पानी वही. चिरंजीव दुसरीत आहेत. त्यांना साधनांची फिकीर नाही. त्यांना घोरपड पाहिजे.

पायथ्यापासून जीपने वर गेलो. आण्णा त्र्याहत्तर वर्षांचे, गुडघे त्याहून थोडे वडील. पुणे दरवाजातून आत शिरताच मी तानाजीची गोष्ट सुरू केली. थंडी होतीच, तेव्हा हेही सांगितलं की तीही थंडीचीच रात्र होती, ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी, म्हणजे चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणारा. अशा काळोखात, अशा गारठ्यात, अशा कड्यावरून माणसं चढली. आम्हाला जीपमधून उतरल्यावर कानटोपी घालावी लागते!

"घोरपड कुठून चढली?" चिरंजीव.

"घोरपड पोवाड्यात आहे," वहीतून उत्तर आलं. "तुळशीदासाच्या. सभासदाच्या बखरीत ती नाहीये. बाईंनी सांगितलं. त्याने लिहिलंय की मावळे वानरासारखे चढले. आणि किल्ल्याचं सिंहगड हे नाव तानाजींच्या आधीपासूनच होतं, १६६३ च्या पत्रात आहे."

चिरंजीवांचा चेहरा पाहवेना. सौभाग्यवतींनी त्याला ताबडतोब मडक्यातलं दही दिलं. मला विचाराल तर माझा घोरपडीला विरोध नाही. तानाजी कडा चढले, उदेभानाशी लढले आणि पडले, हे मुद्दल. घोरपड हे त्यावरचं व्याज. तीनशे वर्षं आजोबांनी नातवांना सांगत आणलेल्या गोष्टीवर एखादी घोरपड चढली तर ती फार नाही. पण मी गप्प बसलो, कारण वहीचं तोंड आता आण्णांकडे वळलं होतं.

आम्ही देवटाक्यापाशी पिठलं-भाकरी घेऊन बसलो होतो. खाली खडकवासल्याचं पाणी उन्हात चकाकत होतं.

"आजोबा, तुम्ही पळून भवानी पेठेत आत्याकडे गेला होतात ना?"

"हो तर."

"आणि परत कधी आलात?"

"चारपाच दिवसांनी."

"म्हणजे पाणी वाड्यात होतं तेव्हा तुम्ही तिथे नव्हता. मग पायऱ्या कुणी मोजल्या?"

मी भाकरीकडे बघू लागलो. इतक्या वर्षांत आमच्या शाखेत आलेल्या एकाही इन्स्पेक्टरने इतक्या सरळ रेषेत प्रश्न विचारलेला नाही. आण्णा चिडतील असं मला वाटलं. ते चिडले नाहीत. ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "मोजल्या नाहीत कुणी. चिखलाची रेघ होती भिंतीवर. माझ्या डोक्याच्या वर होती. माझ्या, म्हणजे तेव्हाच्या."

कन्येने लिहिलं. मग विचारलं, "आणि काय काय गेलं?"

आण्णा सांगू लागले. दोन पितळी पातेली, पण ती पुढे एका गाळाच्या ढिगात सापडली. आजीचं शिवणयंत्र. आजोबांचा लग्नातला कोट. जात्याची वरची तळी, ती कशी वाहून गेली हे कोडंच. आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंक गेली नव्हती, होती तिथेच होती. आजीने ती उघडली, आत चिखल. फोटो होते, पण कागदावर चित्र राहिलं नव्हतं. नुसते पांढरे पुठ्ठे, कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का.

"कोणाचे फोटो होते?"

"आजी-आजोबांच्या लग्नाचा. माझ्या मुंजीचा. आणि बेबीचा."

"बेबी कोण?"

"माझी बहीण. दोन वर्षांची होती. आधीच्या वर्षी गोवराने गेली. तिचा एकच फोटो होता."

मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, सिंहगडावर, पिठल्याच्या ताटावर, आणखी एक आत्या होती हे कळलं. पोळपाट, छत्री, प्रगतिपुस्तक, पायऱ्या, सगळं मला पाठ होतं. हे नव्हतं. आण्णा मला ते कधी बोलले नाहीत आणि आजीही शेवटपर्यंत बोलली नाही. एवढं मात्र खरं की पूर म्हटलं की ती उठून आत जायची, आणि आम्ही समजायचो तिला चहा टाकायचा असेल.

कन्येने पेन्सिल थांबवली नव्हती. "फोटोत ती कशी होती?"

"खुर्चीवर उभी केली होती. झालर लावलेला फ्रॉक. एका पायात बूट, दुसरा तिने काढून टाकला होता. फोटोवाल्याने दोनदा घातला, तिने दोनदा काढला. शेवटी तो म्हणाला, राहू द्या." आण्णा जरा हसले. "मी खुर्चीमागून तिला धरलं होतं. माझा नुसता हात आला होता फोटोत."

वहीत एक खुर्ची निघाली, तिच्यावर झालरीचा फ्रॉक, एका पायात बूट, आणि मागून आलेला एक हात. चित्र काही फार चांगलं नव्हतं. चिरंजीवांनी दह्याचं बोट लावून त्यात भर घातली. आण्णांनी चष्मा काढून ते जवळून पाहिलं आणि म्हणाले, "बूट डाव्या पायात होता." कन्येने खोडरबराने बूट उजवीकडून डावीकडे नेला.

उतरताना ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहितेय? पानशेतच्या जलाशयाचं नाव आता तानाजीसागर आहे." मला ठाऊक होतं. दर पावसाळ्यात पेपरात साठ्याचे आकडे येतात तेव्हा मी ते वाचतो. पण दोन्ही गोष्टी एकाच सहलीत बसतात हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चिरंजीवांनी मात्र यातून वेगळाच अर्थ काढला आणि घोरपडीला पोहता येतं का, हे खाली पोचेपर्यंत विचारत राहिले.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. धरण आलं. आण्णांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला. "त्या दिवशी..." तिकिटं फाडत आलेला कंडक्टर आमच्याशीच थांबला. म्हणाला, "कुठले आजोबा तुम्ही? नारायण पेठ? अहो, नारायण पेठेत कसलं पाणी! आमची आई दत्तवाडीची. ती सांगते, पाणी कौलांवर होतं. कौलांवर कोंबडी बसलेली, तीसुद्धा शेजारच्यांची."

"कौलांवर?" आण्णा ताठ झाले. "आमच्याकडे अकरा पायऱ्यांचा जिना होता..."

मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाई पुढे वाकल्या. त्यांचं माहेर शनिवारातलं निघालं. कन्येने पिशवीतून वही काढली आणि कंडक्टरला विचारलं, "कोंबडी तुमच्या आईने स्वतः पाहिली का?" तो विचारात पडला. राजाराम पुलापर्यंत आमची तिकिटं काढायची राहूनच गेली.