राणीछाप रुपया आणि मुंबईची टांकसाळ

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मांडावयाचा राणीछाप रुपया आपल्यापैकी पुष्कळ भगिनींच्या घरी असेल. वर्षातून एकदा तो डब्यातून निघतो, चिंच लावून लख्ख घासला जातो, हळदकुंकू लागले की पुन्हा डब्यात जातो. (नाण्यांचे संग्राहक मात्र असा घासलेला रुपया पाहून कपाळाला हात लावतात. त्यांना त्यावरची काळसर झाकच हवी असते.) या रुपयाची हकीकत आपल्या घरांशी फार जवळून जोडलेली आहे, म्हणून ती येथे सांगावीशी वाटते.

पेशवाईत, आणि ती गेल्यानंतरही काही वर्षे, आपल्याकडे एकच असा रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये बाजारात फिरत आणि एकाच्या बदली दुसरा घ्यावयाचा तर सराफ बट्टा कापून घेई. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलखापुरता एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. 'रुपयाभार' हे जुन्या बायकांच्या तोंडचे माप येथूनच आले. वजन हाताशी नसले तर पारड्यात रुपया टाकला की काम भागे.

मुंबईच्या फोर्टात, टाउन हॉलच्या शेजारी, १८२९ साली टांकसाळ उभी राहिली. तिच्यासाठी विलायतेहून बोल्टन आणि वॅट यांच्या कारखान्यातली वाफेची यंत्रे आणली होती. हातोड्याने ठोकलेल्या नाण्याच्या कडा वेड्यावाकड्या असत, त्या कापून चांदी चोरणे सोपे जाई. कळेवर पाडलेले नाणे वाटोळे आणि काठाला दातेरी, म्हणून तो 'कलदार'. त्या काळी कोणीही आपली चांदी टांकसाळीत नेऊन, ठराविक आकार देऊन, तिचे रुपये पाडून घेऊ शके. म्हणजे बाईच्या पायांतले वाळे आणि पेटीतला रुपया यांत फारसे अंतर नव्हते.

१८९३ साली सरकारने ही सोय बंद केली. जगात चांदी स्वस्त होत चालली होती आणि रुपया तिच्याबरोबर घसरू नये, असा त्यामागे हेतू. रुपया सावरला खरा. पण अंगावरच्या दागिन्यांची चांदी स्वस्तच राहिली. दुष्काळात वाळे मोडावयास गेलेल्या बाईला तेवढ्याच वजनाचे रुपये आता मिळेनात. इतिहासाच्या पुस्तकांत हे एका ओळीत उरकलेले असते.

पुढे १९११ साली पंचम जॉर्जचा रुपया निघाला. त्याच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड दिसे की लोकांना तो डुक्कर वाटला. गवगवा झाला, बहुतेक रुपये वितळवावे लागले आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. उरलेले आज संग्राहक शोधत फिरतात. पहिल्या महायुद्धात उलटेच झाले. चांदी महागली, तेव्हा १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली आणि रुपये वितळविण्यास बंदी झाली.

खरा घाव बसला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली; बाकी चाळीस टक्के तांबे, पाच निकेल, पाच जस्त. जुने रुपये १९४१ ते १९४३ या काळात, आधी राणीचे आणि मग राजांचे, चलनातून रद्द झाले. माझ्या आजीने आपले राणीछाप रुपये धान्याच्या कणगीत लपविले होते. मुदतीची बातमी तिला उशिरा कळली. घरातल्या पुरुषांनी तिला पुष्कळ बोल लावले. पण ज्यांनी वेळेत रुपये भरून नोटा घेतल्या, त्यांच्या नोटा महागाईने खाल्ल्या. आजीजवळ चांदी उरली. युद्धात अमेरिकेकडून उसनी आणलेली चांदी सरकारला परत करावयाची होती, म्हणून १९४७ साली रुपया निकेलचा झाला.

त्यानंतर चांदी उरली ती स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांत. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला दहा रुपयांचे नाणे निघाले. पंधरा ग्रॅम वजनात बारा ग्रॅम शुद्ध चांदी! आपणा स्त्रियांना ठाऊक असावे असे नाणे १९७५ चे आहे. आंतरराष्ट्रीय महिला वर्षानिमित्त काढलेल्या या पन्नास रुपयांच्या नाण्यावर 'समानता, विकास, शांति' हे शब्द आहेत आणि त्यात निम्मी चांदी आहे. नव्या संसद भवनासाठी २०२३ साली निघालेले पंच्याहत्तर रुपयांचे नाणेही निम्म्या चांदीचेच. तांबे, निकेल आणि जस्त यांचे प्रमाणही १९४० च्या रुपयातलेच. अशी नाणी बाजारात फिरत नाहीत, टांकसाळीकडे पैसे भरून मागवावी लागतात. सालाखाली बारीक हिरकणीची खूण दिसली, तर नाणे मुंबईचे समजावे.

आजीच्या रुपयांपैकी सात माझ्याकडे आले. एकाला गळ्यात घालण्यासाठी कडी डाकलेली आहे. संग्राहक त्याला हात लावीत नाही, पण आजीने तो अंगावर वापरलेला आहे. परवा मंडळाच्या पापडांच्या तराजूवर कडीचा वगळून सहा रुपये ठेवून पाहिले. सहा तोळे म्हणजे सत्तर ग्रॅम भरावयास हवे होते, अडुसष्ट भरले. उरलेले दोन ग्रॅम इतक्या वर्षांत कोणाकोणाच्या बोटांना लागून गेले.