मसूरच्या फलाटावरचे कपडे

जानेवारीत रिफ्रेशर कोर्ससाठी दिल्लीला जायचे ठरले, तेव्हा स्टाफरूममधील एका सहकाऱ्याने मला लोकरी कपड्यांची यादीच सांगितली. आत जाड बनियन, वर स्वेटर, त्यावर कोट, आणि कानटोपी विसरू नका. त्यांच्या घरची तिसरी पिढी दिल्लीला जात-येत असते. आईने मात्र थंडीचे नावही काढले नाही. तिने माझे धुतलेले सदरे पुन्हा धुतले, इस्त्रीवाल्याकडे स्वतः नेऊन दिले आणि म्हणाली, "चांगलं घालून जा बाबा. तिथं कुणी वळखीचं नाही."

बॅग भरताना मला 1901 साल आठवत राहिले.

त्या वर्षी रामजी सकपाळ खटाव तालुक्यात गोरेगावला कॅशियर होते. दुष्काळात माणसे मरत होती आणि त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला काढला होता. त्यांनी साताऱ्याहून मुलांना सुट्टीत बोलावले. भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची दोन मुले. आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. त्यासाठी विलायती धर्तीचे नवे सदरे शिवले, झगमगीत टोप्या घेतल्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात हे कपडे एकेक करून नोंदविले आहेत. दुष्काळी कामावरच्या महार कॅशियरने पोरांच्या अंगावर इतका खर्च का करावा? हौस होती, हे खरे. पण पलटणीत सुभेदार राहिलेल्या माणसाला गणवेशाचा प्रताप ठाऊक असतो. अंगावरचा कपडा पाहून समोरचा माणूस कसा उभा राहतो, हे त्याने पाहिलेले असते.

मसूर स्टेशनवर या कपड्यांनी आपले काम चोख केले. वडिलांना पत्राचा निरोप मिळाला नव्हता, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. ताटकळलेली पोरे पाहून स्टेशनमास्तर आपण होऊन चौकशीला आला. ही ब्राह्मणांची मुले असावीत अशी त्याची समजूत झाली होती. मुलांनी सरळ आपली जात सांगितली. मास्तरचा चेहरा पालटला आणि तो निघून गेला. पुढचे सर्वांना माहीत आहे: दुप्पट भाडे कबूल केल्यावर मिळालेली बैलगाडी, ती मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार. डबा भरलेला, पण पाणी नाही. रात्र टोलनाक्यापाशी तहानेने काढली. रेशीमकाठी धोतरे अंगावर तशीच होती.

आता याच्या शेजारी दुसरा प्रवास ठेवा. 1888 साली मोहनदास गांधी बॅरिस्टर व्हायला विलायतेस गेले. बोटीवर काळा सूट वापरला आणि उतरताना शोभावा म्हणून पांढरा फ्लॅनेलचा पोशाख राखून ठेवला. सप्टेंबर सरत आलेला. किनाऱ्यावर पाहतात तो पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच! सामान आणि किल्ल्या एजंटाच्या ताब्यात, म्हणून बदलायचीही सोय नाही. आत्मकथेत त्यांनी ही फजिती मोकळेपणाने सांगितली आहे. ही चूक ऋतूची होती. बाँड स्ट्रीटवर नवा सूट शिवला की ती दुरुस्त होते, आणि तशी ती झालीही. मसूरच्या फलाटावर जे घडले त्याला दुरुस्त करणारा शिंपी कोठे होता?

गांधींनी 1921 मध्ये मदुराईला पंचा स्वीकारला आणि 1931 च्या गोलमेज परिषदेला त्याच वेषात लंडनच्या थंडीत उभे राहिले. त्याच परिषदेत बाबासाहेब सुटाबुटात होते. यावरून आमच्याकडचे पांढरपेशे विद्वान अजूनही बाबासाहेबांना 'साहेबी थाटाचे' म्हणतात. मनुस्मृतीने चांडाळाला प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली, हे ते सोयीस्करपणे विसरतात. ज्याच्या पेटीत कपडे होते तो ते उतरवू शकतो. त्यात त्याग आहे, हे मी नाकारीत नाही. पण ज्याच्या पूर्वजांना उघडे राहण्याची सक्ती होती, त्याने उघडे होऊन कोणाला काय दाखवायचे?

1913 च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. सयाजीरावांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, आणि त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे. तिथला हिवाळा हाडे गोठवणारा. परंतु तिथे कोट हा निव्वळ कोट होता, थंडीसाठी घातलेला. परदेशात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी लिहिले आहे.

ती बडोद्यात परत आली. सप्टेंबर 1917. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही म्हणून ते पारशी सराईत गेले. रखवालदार वही घेऊन वर आला तेव्हा त्यांनी अर्धे कपडे उतरवले होते. अंगात सदरा नाही, कमरेला कस्ती नाही. पारशी नव्हे हे त्याने तेवढ्यावरून ओळखले. पारशी नाव लावून राहण्याची तडजोड झाली, पण अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली. मसूरला पोशाखाने तोंड उघडेपर्यंत साथ दिली होती. बडोद्यात अंगावरचे कपडे उतरवताच ती साथ सुटली. कोलंबियात शिकून आलेला हा विद्वान रात्रीच्या गाडीची वाट पाहत कामाठी बागेत पाच तास बसून राहिला.

दहा वर्षांनी महाडला, 1927 च्या डिसेंबरात, मनुस्मृती जाळल्यानंतर ते बायकांशी लुगड्याविषयी बोलले. गुडघ्यापर्यंतचे लुगडे आणि अंगभर चांदी-कथलाचे दागिने ही जातीची खूण आहे, ती टाका. बायकांनी ते लगेच मनावर घेतले आणि दुसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत लुगडी नेसल्या. इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेला एखादी ओळ मिळते. मला ती तळ्याच्या पाण्याइतकीच महत्त्वाची वाटते. मसूरला पोरांना सजवले होते बापाने. इथे बायकांनी आपला वेष आपण ठरवला, आणि तो ब्राह्मण दिसण्यासाठी नव्हता.

दिल्लीत थंडी कडाक्याची होती. सहकाऱ्यांची यादी अगदी बरोबर निघाली. तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत एका प्राध्यापकाने माझ्या कोटाचे कापड हाताने चाचपून पाहिले, छान आहे म्हणाला आणि मग विचारले, "सर, आपका पूरा नाम?"

मी पूर्ण नाव सांगितले. त्याने कप खाली ठेवला. मी दुसरा चहा घेतला.